डोंगरभटकंतीसाठी मोजे कसे निवडावेत? (पावसाळा, कुसळे आणि टाचेचे फोड)

पाऊलखूण

नमस्कार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो, गुहेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरलो. वाट मला नवी नव्हती आणि बूटही दोन वर्षे वापरून पायाला चांगले बसलेले होते. तरीही खिंड गाठेपर्यंत उजव्या टाचेला चुरचुर सुरू झाली, आणि मंदिरापाशी बूट काढला तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड आलेला दिसला. दोन्ही करंगळ्यांच्या कडेचे कातडे पांढरेफटक पडून सुरकुतले होते. पायात होते ते मी रोज कार्यालयात घालते तसले जाडसर सुती मोजे, आणि पाठपिशवीतली दुसरी जोडीही सुतीच. पहिली जोडी रात्रभर दोरीवर टाकूनही सकाळी तशीच ओली होती आणि दुसरी गुहेबाहेर जरा फिरताच भिजली होती, त्यामुळे उतरताना ओले मोजे पिळूनच घालावे लागले.

परत आल्यावर एका दुकानात गेले. तिथे ‘ट्रेकिंगसाठी खास’ म्हणून जी जोडी पुढे केली गेली, तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ८० टक्के कापूस असे छापलेले होते. बुटांविषयी मंडळी तासन्‌तास बोलतात, पण मोज्यांविषयी विचारले की ‘चांगले घ्या’ यापलीकडे कोणी जात नाही. म्हणून जाणकारांना विचारते की सह्याद्रीच्या पावसात कोणत्या धाग्याचे मोजे घालावेत, जाड घ्यावेत की पातळ, एकावर एक दोन जोड्या घालण्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि लोकरीचे मोजे आपल्या हवेत उकडणार नाहीत का? पुढच्या महिन्यात राजगड ते तोरणा करण्याचा विचार आहे.

धागादोरा

पाऊलखूणताई, मी इचलकरंजीला कापडधंद्यात आहे, त्यामुळे सुरुवात धाग्यापासूनच करतो. वेष्टनावरची टक्केवारी वाचण्याची सवय तुम्हाला लागली आहे, ती फार मोलाची आहे.

प्रत्येक धागा हवेतली आर्द्रता आपापल्या स्वभावानुसार धरून ठेवतो. आमच्या प्रयोगशाळेत ठरावीक हवेत, म्हणजे २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, धाग्याने स्वतःच्या कोरड्या वजनाच्या किती टक्के पाणी धरले हे मोजतात. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण साधारण ०.४ टक्के, नायलॉनचे ४ टक्क्यांच्या आसपास, कापसाचे सुमारे ८.५ टक्के आणि लोकरीचे १६ टक्क्यांच्या आसपास असते. हे आकडे पाहिल्यावर कोणालाही वाटेल की लोकर तर सर्वांत जास्त पाणी पिते, मग ती पावसाळ्यात वाईटच ठरायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण पाणी किती धरले यापेक्षा ते धाग्यात कुठे बसले आणि ओला झाल्यावर धागा कसा वागला याला अधिक महत्त्व आहे. लोकर वाफेच्या रूपातला घाम तंतूच्या पोटात सामावून घेते आणि तिचे बाहेरचे अंग पाण्याला सहजी थारा देत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल शोषूनही ती हाताला ओलीचिंब लागत नाही. शिवाय लोकरीच्या तंतूला नैसर्गिक नागमोडी वळण असते, ते ओलेपणातही टिकते, त्यामुळे मोजा दबून लगदा होत नाही. कापसाचा तंतू ओला झाला की लवचिकता सोडतो, विणीतली हवा निघून जाते, आणि मोजा ओल्या फडक्यासारखा पायाला चिकटून बसतो. तुमच्या टाचेवर घासत होते ते हेच ओले फडके.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. धनगर भर पावसात घोंगडी अंगावर घेऊन मेंढरांमागे उभा राहतो, ती घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीचीच असते आणि भिजली तरी ऊब देते. फक्त ही लोकर जाडीभरडी असल्यामुळे उघड्या कातडीला टोचते. मोज्यांसाठी मेरिनो मेंढीची लोकर वापरतात, तिचा तंतू साधारण १७ ते २१ मायक्रॉन इतका बारीक असतो, त्यामुळे तो कातडीला टोचत नाही, वाकतो. उकडण्याविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर जाडीत आहे. पातळ विणीचा मेरिनो मोजा पुण्या-मुंबईच्या हवेतही सुसह्य असतो.

मात्र शंभर टक्के मेरिनो मागू नका. निव्वळ लोकरीचा मोजा टाचेला आणि अंगठ्याला लवकर विरतो. निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत मेरिनो, उरलेला बहुतांश नायलॉन आणि अगदी थोडे लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, असे मिश्रण बराच काळ टिकते. मेरिनो परवडत नसेल तर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे मोजेही पावसाळ्यासाठी चांगले असतात. ते लवकर सुकतात, फक्त त्यांना वास लवकर धरतो. ‘बांबूचे’ म्हणून जे मऊ मोजे विकले जातात, ते बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेले व्हिस्कोस असते. हाताला ते छान लागतात, पण व्हिस्कोस कापसाहूनही जास्त ओल धरते आणि ओले झाल्यावर त्याची ताकद बरीच घटते. घरात वापरायला हरकत नाही, घाटवाटेवर नेऊ नयेत.

कातळकडा

वरच्या प्रतिसादातल्या धाग्याच्या विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात मापाची गोष्ट जोडतो, कारण पंचवीस वर्षे गडकिल्ले फिरताना मी पाहिलेले निम्मे फोड चुकीच्या धाग्यामुळे आलेले नसून चुकीच्या मापामुळे आलेले आहेत.

‘फ्री साइज’ असे लिहिलेला मोजा घेऊ नका. मोठा मोजा बुटात गोळा होतो, त्याची चुणी पडते, आणि ती चुणी दिवसभरात हजारो वेळा एकाच जागी दाबली जाते. लहान मोजा बोटांना मागे खेचतो आणि टाचेचा विणलेला खळगा तळव्याकडे सरकतो. घालून पाहताना टाचेचा खळगा बरोबर टाचेवर बसतो का हे पाहावे, आणि मोजा उलटा करून बोटांवरच्या शिवणीवरून बोट फिरवावे. शिवण हाताला उंचवट्यासारखी लागली तर कळसूबाईहून बारीला उतरताना ती करंगळीच्या नखापाशी नक्की जाणवणार. उंची घोट्याच्या वर, बुटाच्या काठापेक्षा किमान चार बोटे जास्त असावी. आखूड मोजे घालून डोंगरात जाणाऱ्यांच्या टाचेचा वरचा भाग बुटाच्या काठाने सोलून निघालेला मी अनेकदा पाहिला आहे.

जाडी बुटावरून ठरवावी. बूट घ्यायला जाताना डोंगरात घालणार तेच मोजे घालून, संध्याकाळच्या वेळी जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असतात. आधीच घट्ट असलेल्या बुटात जाड मोजे कोंबले तर गादी मिळत नाही, पाय आवळला जातो. सह्याद्रीत बाराही महिने मध्यम जाडीचे मोजे पुरतात, त्यातही फक्त टाच आणि चवड्याखाली टॉवेलसारखी बारीक फासांची वीण आणि वर पातळ जाळी असलेले मिळाले तर उत्तम.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पावसाळ्यात पाय कोरडे ठेवण्याचा हट्ट सोडून द्यावा. जलरोधक बूट घालून ओढा ओलांडला की पाणी वरून आत शिरते आणि आतच राहते, मग दिवसभर पाय पाण्याच्या पिशवीत असल्यासारखा असतो. त्यापेक्षा जाळीचे, पाणी बाहेर जाऊ देणारे बूट आणि घट्ट बसणारे लोकरीचे किंवा नायलॉनचे मोजे घालावेत. पाय भिजणारच आहे. तो भिजूनही घासला जाऊ नये, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

जुनी वाट

आदरपूर्वक एक वेगळे मत मांडतो. आम्ही १९८० च्या दशकात कॅनव्हासचे हंटर बूट आणि शाळेतले सुती मोजे घालून रतनगड, अलंग, मदन, कुलंग केले. आमच्यापुढे वाट दाखवायला चालणारे गावकरी तर रबरी चपलेत किंवा प्लॅस्टिकच्या बुटांत, मोज्यांशिवाय चालत. आजही चालतात. त्यांना फोड येत नाहीत. मग मोज्यांवर एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का, की आपण सामानाला जास्त महत्त्व देऊ लागलो आहोत? नव्या मुलांना मोज्यांच्या किमतीमुळे डोंगर दूर वाटू नयेत, अशी माझी तळमळ आहे.

कातळकडा

आपली तळमळ मला पूर्णपणे मान्य आहे आणि निरीक्षणही खरे आहे. पण त्या गावकऱ्यांचे तळवे लहानपणापासून त्याच कातळावर चालून घट्ट झालेले असतात, आणि चपलेत पाय मोकळा असतो, पाणी थांबत नाही, वारा लागतो. आपण आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत बसतो आणि सहाव्या दिवशी बंद बुटात आठ तास चालतो. मऊ कातडी, बंद बूट आणि ओल असे तिन्ही एकत्र आले की मोज्यावर भिस्त ठेवावी लागते. खर्चाविषयी सांगायचे तर नायलॉनचे साधे फुटबॉलचे मोजे, टाच नीट बसत असेल तर, पावसाळ्यासाठी सुती मोज्यांपेक्षा कितीतरी चांगले ठरतात आणि ते कोणत्याही गावातल्या खेळाच्या दुकानात मिळतात. नवख्या मुलांना मी तेच सुचवतो. ढिले होऊन सरकतात का, एवढे मात्र घरी पायऱ्या चढून-उतरून पाहून घ्यावे.

दक्षिणवारा

मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहते. पायाच्या ओलेपणाविषयी वर जे म्हटले आहे, त्याला इथली रीत पूर्ण दुजोरा देते. इथल्या रानवाटांवर नद्या-ओढे पुलाशिवाय ओलांडावे लागतात आणि जाणकार मंडळी नदी ओलांडताना बूट काढत नाहीत. बूट-मोज्यांसह पाण्यात उतरतात, पलीकडे जाऊन चालू लागतात आणि दिवसभर ओल्या पायांनीच चालतात, कारण गोट्यांवर अनवाणी पाय घसरला तर घोटा मुरगळण्याचा किंवा वाहून जाण्याचा धोका फोडापेक्षा फार मोठा असतो. हे जमते ते लोकरीच्या मोज्यांमुळे. मुक्कामाच्या झोपडीत पोहोचल्यावर ओले मोजे बाहेर टांगायचे, पाय पुसून सुकवायचे आणि झोपण्यासाठी राखून ठेवलेली कोरडी जोडी घालायची. सकाळी पुन्हा तीच ओली जोडी चढवायची! पहिली पाच मिनिटे अंगावर काटा येतो, पण कोरडी जोडी रात्रीसाठी कोरडीच राहते. पाऊलखूण, तुमच्या गुहेतल्या मुक्कामात हाच नियम उपयोगी पडला असता असे वाटते. झोपेत सात-आठ तास पाय कोरडे राहिले की पांढरी पडलेली कातडी पुष्कळ सावरते.

दवाखाना ते डोंगर

व्यवसायाने मी डॉक्टर आहे, म्हणून फोडाविषयी थोडे सविस्तर लिहितो. फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येतो असा समज आहे. खरे तर ओल्या कातडीला मोजा चिकटतो, मोज्याला बूट चिकटतो, आणि आत हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकत राहते. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरते. दोन मोज्यांची युक्ती यावरच आधारलेली आहे. आत पातळ, गुळगुळीत, पायाला घट्ट बसणारा नायलॉनचा मोजा आणि बाहेर मध्यम लोकरीचा घातला, तर सरकणे त्या दोन मोज्यांमध्ये होते, कातडीवरचा ताण कमी होतो. पण दोन्ही मोजे सुती असले तर ते एकमेकांना धरून बसतात आणि काहीच साधत नाही. बोटांमध्येच फोड येणाऱ्यांनी पाचही बोटांना वेगळे कप्पे असलेले मोजे वापरून पाहावेत. घालायला वेळ लागतो, पण बोटाला बोट घासत नाही.

चुरचुर जाणवताच थांबावे, पुढच्या टप्प्याची वाट पाहू नये. औषधांच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी कोरड्या टाचेवर चुणी न पडू देता लावावी, शक्यतो घरून निघतानाच. आलेला फोड लहान असेल तर फोडू नये आणि वरचे कातडे तर कधीच ओढून काढू नये, कारण त्याच्याइतके चांगले आच्छादन आपल्यापाशी दुसरे नसते.

करंगळीच्या बेचक्यात भेगा, खाज आणि पांढरे कातडे आठवडाभर राहिले तर त्या चिखल्या असतात. भातलावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना होतात त्याच. हा बुरशीचा संसर्ग आहे, त्यावर मलम मिळते, आणि ओले मोजे गाडीतही तसेच घालून घरापर्यंत येणाऱ्यांना तो हमखास गाठतो. गाडीत चपलेची एक जोडी ठेवावी.

मधुमेह असलेल्यांसाठी एक विनंती आहे. मग ते डोंगरात जाणारे असोत की आषाढात आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी चालणारे वारकरी असोत. पायाची संवेदना कमी झाली असेल तर फोड दुखत नाही, त्यामुळे तो कळतही नाही. अशा व्यक्तींनी शिवण नसलेले, काठाला न काचणारे आणि फिक्या रंगाचे मोजे घालावेत. फिक्या रंगावर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. दर मुक्कामाला तळपाय आरशात किंवा सोबत्याकडून पाहून घ्यावेत. माझ्या वडिलांना मी वारीला निघताना पांढऱ्या मोज्यांच्या सहा जोड्या बांधून देतो.

सह्यसखी

राजगड ते तोरणा पुढच्या महिन्यात करणार असाल तर कोणीच न उल्लेखलेली गोष्ट सांगते, ती म्हणजे कुसळे. राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतच्या धारेवर पावसाळा सरताना गवत कमरेएवढे होते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते वाळले की कुसळे मोज्यात शिरतात. त्यांची रचनाच अशी असते की टोक पुढे पुढे जाते आणि मागे येत नाही. मऊ, केसाळ लोकरीच्या मोज्यात ती सर्वांत जास्त अडकतात. दर दहा मिनिटांनी खाली बसून ती उपटण्यात माझा एक अख्खा दिवस गेला आहे. या दिवसांत बाहेरून गुळगुळीत, घट्ट विणीचे नायलॉनचे मोजे घालावेत, किंवा मोज्यावरून पोटरीपर्यंत गेटर्स, म्हणजे बुटावरून बांधायची कापडी आवरणे, चढवावेत. नुसती लांब विजार पुरत नाही, कारण ती वर सरकली की कुसळे थेट घोट्यापाशी जातात.

दक्षिणवारा

अगदी खरे! इथे बिडीबिड नावाचे काटेरी बी लोकरीच्या मोज्यांना असेच शेकड्यांनी चिकटते. गेटर्सशिवाय त्यावर इलाज नाही.

मलनाडवासी

कामानिमित्त कर्नाटकात असतो, म्हणून कुद्रेमुखच्या बाजूचे सांगतो, पण आंबोली आणि गोव्याच्या रानांनाही ते लागू आहे. जळवा सैल विणीतून सहज आत शिरतात. त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे, दाट विणलेल्या कापडाचे आणि वरून नाडीने बांधता येणारे वेगळे जळू-मोजे मिळतात, ते नेहमीच्या मोज्यांवर चढवून मग बूट घालावा. हे कापड बहुधा सुती असते, पण ते कातडीला लागत नसल्यामुळे बिघडत नाही. बूट अगदीच मापाचे असतील तर आधी घरी घालून पाहा.

हिमवाट

याच चर्चेत हिमालयाचेही लिहून ठेवतो. उत्तराखंडातल्या सांकरीहून केदारकंठ्याला (सुमारे ३,८०० मीटर) हिवाळ्यात जाणारी मराठी मुले आता पुष्कळ असतात, आणि थंडीच्या भीतीने ती तीन-तीन जोड्या चढवतात. त्यामुळे बूट आवळतो, बोटांकडचा रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय उलट अधिक गार पडतात. बोटे बुटात मोकळेपणी हलली पाहिजेत, ही कसोटी कोणत्याही जाडीपेक्षा महत्त्वाची आहे. चालण्यासाठी जाड मेरिनोची एक जोडी, फार तर आत एक पातळ मोजा, आणि झोपण्यासाठी वेगळी, सैल आणि कोरडी लोकरी जोडी, जी घालून तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही. दुपारच्या उन्हात घाम आला असेल तर सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी मोजे बदलावेत. नंतर गारठ्यात बूट काढण्याचा धीर होत नाही, आणि ओलसर मोज्यात बोटे बधिर झाली तर हिमदंशाचा धोका असतो.

पाऊलखूण

सर्वांचे मनापासून आभार. राजगड ते तोरणा करून परवा परतले, म्हणून वृत्तांत देते. दोन जोड्या घेतल्या. पहिली ६० टक्के मेरिनो, उरलेली नायलॉन आणि थोडे लायक्रा अशी, मध्यम जाडीची. दुसरी नायलॉनची, गुळगुळीत, पोटरीपर्यंत उंच. दोन्ही घालून आधी घरच्या इमारतीचे सात मजले चार वेळा चढले-उतरले. पहिल्या दुकानातली एक महागडी जोडी या परीक्षेत टाचेवरून सरकली, ती परत केली.

गुंजवण्याहून राजगड चढताना पाऊस होता आणि पाली दरवाज्याऐवजी चोरदरवाज्याच्या वाटेने गेल्यामुळे चिखल भरपूर लागला. मेरिनो मोजे पूर्ण भिजले, तरी पाय बुटात घट्ट बसलेला राहिला, हे प्रथमच अनुभवले. टाचेवर कागदी पट्टी घरूनच लावली होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. रात्री पद्मावती माचीवरच्या देवळात पाय पुसून कोरडे मोजे घातले आणि सकाळी ओले मोजे पुन्हा चढवायची हिंमत केली. दक्षिणवारा यांचे शब्द आठवले, पाच मिनिटांनी खरोखर काही वाटेनासे झाले. धारेवरचे गवत अजून हिरवे होते, तरी काही ठिकाणी कुसळे निघाली होती, म्हणून संजीवनी माचीच्या टोकाशी बसून नायलॉनचे मोजे घातले. वेल्ह्यात उतरल्यावर बूट काढले तेव्हा डाव्या अंगठ्याच्या टोकाला थोडी लाली होती, दोन्ही टाचा मात्र स्वच्छ होत्या.

एकच प्रश्न उरला आहे. मेरिनो जोडी चिखलाने इतकी माखली आहे की धुवायची भीती वाटते. यंत्रात टाकावी का?

धागादोरा

चिखल आधी पूर्ण वाळू द्या आणि हाताने झटकून टाका. ओल्या चिखलावर घासले तर माती विणीत आणखी खोल जाते. मग मोजे उलटे करून, गार पाण्यात सौम्य साबणाने हातांनीच दाबून धुवा. कपडे मऊ करणारे द्रव्य अजिबात घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसला की घाम शोषण्याचा गुण कमी होतो. पिळू नका. कोरड्या पंच्यात गुंडाळून दाबा, म्हणजे पाणी निघेल, आणि सावलीत काठाकडून न टांगता मधोमध दोरीवर घडी टाकून वाळवा, नाहीतर ओल्या वजनाने काठ ढिला होतो. अंगठ्याला लाली आली होती, त्या जागी मोजा हातात धरून उजेडापुढे एकदा पाहा. वीण विरळ दिसू लागली असेल तर आत्ताच लोकरीच्या दोऱ्याने बारीक रफू करून घ्या, भोक पडण्याची वाट पाहू नका.